फकिरी : निवडलेली आणि लादलेली

वाङ्मयातील बंडाची परीक्षा दोनदा व्हावयाची असते. पहिली परीक्षा बंड चालू असता होते. ती बहुधा शिव्यांनी अगर टाळ्यांनी होत असल्यामुळे तिचा निकाल फारसा जमेस धरण्याचे कारण नाही. दुसरी परीक्षा बंडखोर निवर्तल्यावर आणि त्यांचे ग्रंथ विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात मुकाट्याने जाऊन बसल्यावर होते. मराठीतील लघुनियतकालिकांच्या चळवळीची ही दुसरी परीक्षा घेण्याची वेळ आता आली आहे. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे व रमेश समर्थ यांनी सायक्लोस्टाइल यंत्रावर ‘शब्द’ काढावयास प्रारंभ केला, त्याला सुमारे सत्तर वर्षे होऊन गेली. कोलटकर २००४ साली, चित्रे २००९ साली आणि नामदेव ढसाळ २०१४ साली गेले. ज्यांच्यावर रागवावयाचे ते राहिले नाहीत. आता वाचावयाचे एवढेच काय ते उरले आहे.

सुशिक्षित कुटुंबात या लेखकांविषयी एक प्रश्न अजूनही दबल्या आवाजात विचारला जातो. हे लेखक मोठे असतील, परंतु त्यांचे विस्कटलेले जीवन, त्यांची धुरकट बैठक, त्यांची असभ्य भाषा आणि व्यसनांचे उघड कौतुक, हे सारे घरातील तरुण मुलांच्या हाती द्यावे काय? हा प्रश्न हसण्यावारी नेणारे टीकाकार पुष्कळ आहेत. प्रस्तुत लेखकास तो हसण्यासारखा वाटत नाही. त्या प्रश्नाच्या पोटात एक खरा वाङ्मयीन प्रश्न दडलेला आहे. या लेखकांच्या कृतींचे मोल त्यांच्या उनाड जीवनात आहे, की त्या जीवनाचा त्या मोलाशी संबंध केवळ आनुषंगिक आहे?

चळवळीच्या मुळाविषयी प्रथम दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण तेथेच एक गैरसमज रुजून बसला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत सुबत्ता आली आणि त्या सुबत्तेबरोबर एक प्रकारचा गुदमरही आला. नोकरी, घर, मोटार व हप्ते या चौकटीत न मावणारी काही तरुण मंडळी न्यूयॉर्क व सॅन फ्रान्सिस्को येथे एकत्र जमली. ‘बीट पिढी’ हे नाव त्यांना पुढे मिळाले. ॲलन गिन्सबर्ग यांचा ‘हाउल’ हा संग्रह १९५६ साली निघाला. पुढील वर्षी त्यावर अश्लीलतेचा खटला होऊन न्यायालयाने प्रकाशकास निर्दोष सोडले. त्याच १९५७ साली जॅक केरुअॅक यांची ‘ऑन द रोड’ ही भटकंतीची कादंबरी प्रसिद्ध झाली. गिन्सबर्ग १९६२ च्या आरंभी मुंबईस आले, पुढे कलकत्ता व काशी येथे राहिले आणि १९६३ साली हिंदुस्थान सोडून गेले. मुंबईच्या तरुण लेखकांशी त्यांचा परिचय झाला होता. एवढ्या आधारावर, आमच्याकडील बंड म्हणजे अमेरिकन बंडाची कार्बन प्रत होय, असा निकाल अनेकांनी देऊन टाकला.

तो निकाल कालानुक्रमासच धरून नाही. ‘शब्द’ निघू लागले तेव्हा गिन्सबर्ग यांचा ‘हाउल’ प्रसिद्धही व्हावयाचा होता. त्याच्याही आधी, १९४७ साली, बा. सी. मर्ढेकरांचा ‘काही कविता’ हा संग्रह प्रसिद्ध झाला होता आणि त्यावर अश्लीलतेचा खटला होऊन मर्ढेकर निर्दोष सुटले होते. महायुद्धाने माणसाचे केलेले चिपाड अभंग-ओवीच्या घाटात पकडण्याचे धाडस मर्ढेकरांनी केले, तेव्हा त्यांच्यासमोर कोणताही बीट कवी नव्हता. बंगालमध्येही १९६१ साली मलय रायचौधुरी आदींनी ‘हंग्री’ पिढीचे जाहीरनामे सुट्या पत्रकांवर काढले आणि १९६४ साली त्यांना अटकाही झाल्या. अशोक शहाणे यांच्यासारखा बंगाली वाङ्मयाशी निकट परिचय असलेला मनुष्य मुंबईस हे सर्व पाहत होता. तात्पर्य, एकाच काळी निरनिराळ्या गावांत निरनिराळ्या कारणांनी तीच तहान लागली होती. परदेशी पाहुण्याने ती तहान निर्माण केली नाही. ‘तुम्हीच एकटे तहानलेले नाही’ एवढा दिलासा मात्र त्याने दिला.

आमच्याकडील कारण कोणते होते? ते अर्थकारणाइतकेच छापखान्यात शोधले पाहिजे. त्या काळी कवितेला मान्यता मिळविण्याचा राजमार्ग एकच होता आणि तो ‘सत्यकथा’ मासिकाच्या दारावरून जात असे. या ठिकाणी न्याय करावयाचा तर सांगितले पाहिजे की, ‘सत्यकथा’ने मराठी कथा व कविता यांची जी मशागत केली तिला तोड नाही. स्वतः मर्ढेकरांच्या आणि पुढे वसंत आबाजी डहाके यांच्या ‘योगभ्रष्ट’सारख्या कवितेला तिनेच जागा दिली. परंतु कितीही रसिक असला तरी एकच पहारेकरी असणे हे वाङ्मयाच्या प्रकृतीस मानवत नाही. पहारेकऱ्याची अभिरुची कालांतराने गावाचा कायदा बनते. १९६३ साली शहाणे यांनी ‘आजकालच्या मराठी वाङ्मयावर क्ष-किरण’ हा लेख लिहून या कायद्याला उघड आव्हान दिले. ‘असो’, ‘फक्त’, ‘येरू’, ‘अबकडई’, औरंगाबादेचे ‘वाचा’ अशी चमत्कारिक नावांची पत्रे निघू लागली. १९६९ साली तर ‘सत्यकथा’ची होळीच करण्यात आली. होळी करणाऱ्यांचा आवेश समजून घेता येतो; परंतु मासिक जाळल्याने मासिकाचा पर्याय उभा राहत नाही. पर्याय उभा राहिला तो दुसऱ्याच एका यंत्रामुळे.

ते यंत्र म्हणजे सायक्लोस्टाइल. मेणकागदावर मजकूर टंकावयाचा, शाईचा रूळ फिरवावयाचा आणि निघालेले कागद टाचून मित्रांच्या हाती द्यावयाचे, एवढाच काय तो खटाटोप. त्याला जाहिरातदार नको, वर्गणीदार नको आणि नियतकालावर अंक काढण्याची सक्तीही नको. पैसे असतील तेव्हा अंक निघे, म्हणूनच ‘अनियतकालिक’ हे नाव सार्थ झाले. या चळवळीच्या केशभूषेविषयी जेवढे लिहिले गेले त्याच्या दशांशानेही या मेणकागदाविषयी लिहिले गेलेले नाही. वास्तविक क्रांती होती ती तेथे. लिहिणारा, छापणारा आणि वाटणारा हे तिघे प्रथमच एक झाले. ज्याला कोणी छापणार नाही, असा मनुष्यही आता स्वतःस छापू शकत होता. शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने १९७७ साली ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा संग्रह काढला, तोही याच वृत्तीचा परिपाक होय. दोन दशकांहून अधिक काळ लिहीत असलेल्या कवीचे हे पहिले मराठी पुस्तक. प्रसिद्धीची घाई नसणे हीदेखील एक फकिरीच.

दुसरी क्रांती भाषेत झाली. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली प्रसिद्ध झाली. खानदेशातील सांगवीचा पांडुरंग सांगवीकर पुण्यास शिकावयास येतो, वडिलांच्या पैशावर वसतिगृहात चैन करतो, कर्जबाजारी होतो, नापास होतो आणि गावी परततो. कथानक म्हणाल तर हे एवढेच. परंतु ज्या भाषेत पांडुरंग बोलतो ती पूर्वीच्या मराठी कादंबरीत कोणी बोलले नव्हते. त्या बोलण्यात बखरीचा थाट आहे, महानुभावीय गद्याचा साधेपणा आहे, वसतिगृहातील टवाळी आहे. आणि धाकट्या बहिणीच्या मरणापुढे ही सारी टवाळी अचानक थिजून जाते, तेव्हा वाचकाला तिचा खरा अर्थ कळतो. कोलटकरांनी मुंबईच्या रस्त्यावरची मिसळलेली हिंदी-मराठी कवितेत बसविली. भाऊ पाध्ये यांनी १९६५ साली ‘वासूनाका’मध्ये नाक्यावरच्या पोरांचे बोलणे आहे तसे उतरविले, आणि त्यावरून अश्लीलतेचा गदारोळ उठला. अश्लीलता हा शब्द येथे फसवा आहे. ज्या भाषेला पाहुण्यांच्या खोलीत प्रवेश नव्हता तिला या लेखकांनी आत आणले. तिच्या चपलांना चिखल होता, एवढाच तिचा अपराध.

येथपर्यंत चळवळीची बाजू मांडली. आता तिच्या उणिवेकडे वळले पाहिजे, आणि त्यासाठी प्रस्तुत लेखाच्या शीर्षकाकडेही.

बीट लेखकांची दारिद्र्यावर भक्ती होती. पण ते दारिद्र्य कोणत्या जातीचे होते? विल्यम बरोज हा त्या मंडळीतील वडीलधारा लेखक. तो गणकयंत्राच्या संशोधकाचा नातू, हार्वर्डचा पदवीधर, आणि घरून त्याला दरमहा तनखा येत असे. पांडुरंग सांगवीकराचे पैसेही घरूनच येतात. पुण्यात सारे उधळून झाल्यावर त्याला परतावयास गाव आहे, शेत आहे, रागावणारा परंतु दार उघडणारा बाप आहे. ही निवडलेली फकिरी होय. तिच्यात खोटेपणा आहे असे मुळीच नाही. सुस्थितीतून बाहेर पडावयास धैर्य लागते, आणि बाहेर पडल्याखेरीज सुस्थितीचे खरे रूप दिसत नाही. तथापि, निवडलेल्या फकिरीस परतीचे तिकीट असते ही गोष्ट विसरता येत नाही. तिकीट खिशात असलेला मनुष्य अरण्याचे वर्णन एका रीतीने करतो. ज्याचा जन्मच अरण्यात गेला तो दुसऱ्या रीतीने करतो.

‘कोसला’ निघाली त्याच १९६३ साली बाबूराव बागुल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. हे दोन ग्रंथ एका फळीवर शेजारी ठेवून वाचावेत. पहिल्यातील नायकाला आपली प्रतिष्ठा नकोशी झाली आहे. दुसऱ्यातील माणसांना ती कधी मिळालीच नाही. पहिला घर सोडतो. दुसऱ्याला भाड्याने घर मिळावयाचे तर जात चोरावी लागते. पुढे १९७२ साली ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. विजय तेंडुलकरांनी त्याला प्रस्तावना लिहिली, आणि पांढरपेशा वाचकाला त्या जगात शिरण्यासाठी वाटाड्या लागतो हेच तिने सिद्ध केले. बीट कवी ज्या अधोजगात उतरले त्यात ढसाळ वाढले होते. त्याच वर्षी दलित पँथरची स्थापना झाली, आणि राजा ढाले यांच्या ‘साधना’तील ‘काळा स्वातंत्र्यदिन’ या लेखाने महाराष्ट्र हादरला. ढाले हे अनियतकालिकांच्या तालमीत तयार झालेले. मेणकागदाचे यंत्र आता लादलेल्या फकिरीच्या हाती आले होते. चळवळीचा सर्वांत मोठा परिणाम हाच. तिच्या प्रवर्तकांनी तो योजिला नसेल, परंतु दार मोडले की त्यातून कोण आत येईल हे मोडणाऱ्याच्या हाती राहत नाही.

नगर जिल्ह्याचा, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याचा, या परंपरेत एक महत्त्वाचा वाटा आहे. दया पवार अकोले तालुक्यातील धामणगावचे. त्यांचा ‘कोंडवाडा’ १९७४ साली आणि ‘बलुतं’ १९७८ साली आले. ‘बलुतं’मध्ये एका बाजूस गावचा महारवाडा आहे आणि दुसऱ्या बाजूस मुंबईतील नागपाड्याचा कावाखाना. गिन्सबर्ग व त्यांचे मित्र ज्या मुंबईत स्वातंत्र्य शोधीत हिंडले, तिच्याच पोटातील हा भाग. परंतु पवारांच्या पुस्तकात नशा ही मुक्ती म्हणून येत नाही. ती बापाला आणि घराला खाणारी कीड म्हणून येते. मनोहर ओक यांनी ‘चरसी’ या नावाचीच कादंबरी लिहिली आणि व्यसनाच्या तळाशी जाऊन तेथले भान शब्दांत आणण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. त्या प्रयत्नाची थट्टा करू नये. परंतु ‘चरसी’ व ‘बलुतं’ ही दोन्ही वाचणाऱ्याला हे जाणवल्यावाचून राहत नाही की, एकाच पेल्याची चव पेला कोणत्या घरात आहे यावर अवलंबून असते.

हीच गोष्ट जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास, पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे, ग्रंथाबाहेर पाहावयास मिळते. १९७२ च्या दुष्काळाने हा सारा कोरडवाहू प्रदेश होरपळून निघाला. एरवीही येथील पाऊस तुटपुंजा. शेत पिकेना, म्हणून गावात दारूच्या भट्ट्या पेटल्या. येथील मद्यपी हे कोणत्याही संस्कृतीविरुद्ध बंड करीत नव्हते. त्यांना पोटास दुसरा धंदा व दुःखास दुसरा उतार नव्हता. १९७५ साली सैन्यातून परतलेल्या अण्णा हजारे यांनी आपल्या निवृत्तीच्या पैशातून यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला आणि तेथून गावाच्या पुनर्घटनेस आरंभ झाला. नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान, ताली व बंधारे घालून पाणी अडविणे, हा तो कार्यक्रम सर्वश्रुत आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील एक तपशील विशेष लक्षणीय वाटतो. सैन्यात असता जीवनाचा वीट आलेल्या या तरुणाने दिल्लीच्या रेल्वे स्टेशनवरील दुकानातून विवेकानंदांचे एक लहानसे पुस्तक घेतले आणि त्याने आपल्या आयुष्याची दिशा पालटली, असे त्यांनी वारंवार सांगितले आहे. ‘जगावयाचे कशासाठी?’ हा सांगवीकराचाच प्रश्न. तोही साठोत्तर दशकातलाच. उत्तरे मात्र दोन दिशांना गेली.

लग्न न करता, मालमत्ता न जोडता मंदिराच्या खोलीत राहणे ही देखील निवडलेली फकिरीच होय. परंतु ती लादलेल्या फकिरीच्या शेजारी जाऊन बसली, आणि त्यामुळे तिच्यातून विहिरींना पाणी आले. मग साहित्यातील फकिरांनी काय केले, असा सवाल येथे सहज सुचतो. तो घाईने करू नये. राळेगणातील सुधारणेच्या आरंभीच्या काळात न ऐकणाऱ्या मद्यपींना मंदिरापुढील खांबाला बांधून मारण्यात येत असे, हेही स्वतः अण्णांनी लपविलेले नाही. गावाचे भले करणाऱ्या हाताला केव्हा ना केव्हा दोर उचलावासा वाटतो. वाङ्मयाच्या हाती खांब नाही आणि दोरही नाही. ‘असो’च्या अंकाने कोणाची भट्टी बंद झाली नाही हे खरे, तसेच त्याने कोणाच्या पाठीवर वळ उमटला नाही हेही खरे. मनुष्य जसा आहे तसा, त्याला सुधारण्याची घाई न करता, पाहणे हे वाङ्मयाचे काम आहे. समाजाला दोहोंची गरज असते, आणि एकाने दुसऱ्याचे काम केले नाही म्हणून त्याला दोषी ठरविणे हा टीकेतील अन्याय होय.

दोष द्यावयाचाच असेल तर तो दुसऱ्या ठिकाणी आहे. या साऱ्या बंडात स्त्रिया कोठे होत्या? अनियतकालिकांच्या इतिहासात पुरुषांचीच नावे ओळीने येतात. अमेरिकन बीट वर्तुळाची कथाही फारशी निराळी नाही. पुरुषाने चौकट मोडून रस्ता धरला की त्या चौकटीतील चूल कोणी तरी पेटती ठेवावीच लागते. त्या ‘कोणी तरी’चे म्हणणे मराठीत लखलखीतपणे उमटले ते मलिका अमर शेख यांच्या ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ या १९८४ सालच्या आत्मकथनात. ढसाळांची सहधर्मचारिणी व स्वतः कवयित्री असलेल्या या लेखिकेने क्रांतिकारक पुरुषाच्या स्वातंत्र्याचा हिशोब घरात कोणाच्या नावे मांडला जातो, हे निर्भयपणे सांगितले. राळेगणच्या आणि कावाखान्याच्या स्त्रियांना हा हिशोब पाठच होता. तो लिहून दाखविणारे पुस्तक तेवढे हवे होते. हे पुस्तक चळवळीविरुद्धची साक्ष होय आणि त्याच वेळी चळवळीचे फळही होय. घरातील झाकलेले सत्य झाकलेल्या भाषेत सांगावयाचे नाही, हा धडा आधी कोणी तरी दिलेला होता.

निवडलेली व लादलेली या दोन फकिऱ्यांचा मेळ कोठे बसतो काय? मराठी मनुष्याला त्याचे उत्तर दूर शोधावयास नको. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांचे दुकान बुडाले, पत्नी अन्नावाचून गेली. ही फकिरी लादलेली. त्यानंतर, चरित्रपरंपरा सांगते त्याप्रमाणे, त्यांनी लोकांकडील येण्याची खते इंद्रायणीत बुडविली. ही फकिरी निवडलेली. जे नशिबी आले ते त्यांनी पुन्हा आपल्या इच्छेने पत्करले, आणि दुसऱ्याच्या मानेवरचे ओझे त्याबरोबर उतरविले. चित्रे यांनी ‘पुन्हा तुकाराम’ हा ग्रंथ सिद्ध केला व तुकोबा इंग्रजीत नेले. कोलटकरांनीही तुकोबांचे अभंग इंग्रजीत आणले. परक्यांची कार्बन प्रत म्हणून ज्यांना हिणवले ते कवी अखेर देहूच्या वाटेने चालत गेले. सर्व जुने जाळावयास निघालेल्यांनी सर्वांत जुने तेवढे जपून ठेवले, ही गोष्ट त्यांच्या बाजूने फार बोलकी आहे.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे. या लेखकांचा उनाडपणा हे त्यांचे कर्तृत्व नव्हे. फार तर ती त्यांनी मोजलेली किंमत होती, आणि तिचा काही भाग इतरांना मोजावा लागला. त्यांचे कर्तृत्व दोन गोष्टींत आहे: छापण्याचे साधन त्यांनी लेखकाच्या स्वाधीन केले, आणि घराबाहेर ठेवलेली भाषा घरात आणली. ज्या तरुणाला त्यांच्यापासून केवळ धूर घ्यावयाचा असेल त्याला धुराखेरीज काही मिळणार नाही. घरातील मुलांच्या हाती ‘कोसला’ अवश्य द्यावी. परंतु तिच्या शेजारी ‘बलुतं’ ठेवावे आणि त्या दोहोंच्या शेजारी ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’. तिन्ही पुस्तके वाचून झाल्यावर मुलाने घरातील कोणास अडचणीचा प्रश्न विचारलाच, तर त्याला गप्प बसवू नये. हे सारे लेखक त्या प्रश्नासाठीच लिहीत होते.